पुनर्विकासात कार्पेट सगळे विचारतात, साइट प्लॅन कोण बघतं?

चाफा

कोथरूडच्या आमच्या गल्लीत जुन्या सोसायट्या एकामागून एक पाडल्या जातायत. दोन नव्या इमारती उभ्या राहिल्या, तिसरीचं खोदकाम चालू आहे आणि आमची सोसायटी निविदेच्या टप्प्यावर आहे. सभांमध्ये विचारले जाणारे प्रश्न सगळ्यांना पाठ असतील: कार्पेट (घरातलं वापराचं क्षेत्र) किती टक्के वाढणार, कॉर्पस (विकसक देणार ती रोख रक्कम) किती, भाडं किती, शिफ्टिंगचे किती, पार्किंग एक की दोन. प्रश्न रास्तच आहेत, आयुष्यभराची पुंजी आहे ती. पण इमारत भूखंडावर नेमकी कुठे बसणार, गाड्या कुठून आत येणार, झाडं कुठली राहणार, ट्रान्सफॉर्मर कुठे, कचऱ्याची गाडी कुठे थांबणार, हे ज्या एका कागदावर असतं तो साइट प्लॅन आजवर एकाही सभेत पडद्यावर आलेला नाही.

त्या दोन नव्या इमारतींनी गल्लीचं काय झालं ते रोज बघते. दोन्हींचा तळमजला आणि पहिला मजला पार्किंगचा. रस्त्याकडे उघडणारी एकही खिडकी नाही. गाड्यांचा रॅम्प थेट फुटपाथवर उतरवलाय, त्यामुळे तिथे फुटपाथ तिरपा झालाय आणि म्हातारी माणसं सरळ रस्त्यावरून चालतात. पूर्वी तळमजल्यावर राहती घरं होती, ओट्यावर कुणीतरी असायचं. आता क्लासहून येणाऱ्या मुली दोन्ही बाजूंच्या बंद भिंतींमधून येतात. कोपऱ्यावरच्या भूखंडाची भिंत तर इतकी उंच घातलीय की वळताना समोरची दुचाकी अंगावर येईपर्यंत दिसत नाही.

म्हणून नियमावली वाचायला घेतली. राज्याची एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, सगळे यूडीसीपीआर म्हणतात तीच. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही क्षेत्रं वगळता महाराष्ट्रभर लागू आहे. तिच्यात कंपाउंड भिंतीचा नियम स्पष्ट लिहिलाय: समोरच्या रस्त्याच्या मध्यापासून मोजून १.५ मीटर उंची. २.४ मीटरपर्यंत न्यायची असेल तर वरचा ०.९ मीटरचा भाग आरपार दिसेल असा, म्हणजे जाळीचा किंवा गजांचा हवा. आणि कोपऱ्याच्या भूखंडाला वळणापासून दोन्ही बाजूंना १० मीटर लांबीपर्यंत भरीव भिंत ०.७५ मीटरपेक्षा उंच नको. म्हणजे आमच्या कोपऱ्याचा विचार कुणीतरी आधीच करून ठेवलाय! तो कागदावर राहिला, कारण भिंत शेवटी बांधतात आणि तोवर सगळ्यांचं लक्ष भोगवटा पत्राकडे, म्हणजे राहायला जायच्या परवानगीकडे, लागलेलं असतं.

दुसरी गोष्ट मला जास्त खटकली. झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या वृक्ष कायद्याप्रमाणे झाडावर नोटीस लावावी लागते, हरकती मागवाव्या लागतात. शहराच्या विकास आराखड्यालाही हरकती घेता येतात. २०१३ च्या प्रारूप आराखड्यावर पुणेकरांनी ८७ हजारांहून जास्त हरकती-सूचना दिल्या होत्या. पण आपल्या भिंतीला लागून बारा मजले उभे राहणार असतील तर मंजुरीआधी शेजाऱ्याला एक कागदही दाखवायची पद्धत नाही.

दोन गोष्टींवर तुमचं मत हवंय. सोसायटीच्या डीएमध्ये, म्हणजे विकसन करारात, साइट प्लॅनच्या अटी कुणी घातल्या आहेत का? आणि मंजुरीआधी पंधरा दिवस साइट प्लॅन जागेवर लावावा अशी मागणी महापालिकेकडे करायला हवी असं तुम्हाला वाटतं का?

कर्वेनगरी

+१. आमच्याकडेही हेच. खालचे दोन मजले गाड्या, वर माणसं. वाचते आहे.

गवंडी

चाफाताई, मी आर्किटेक्ट आहे, पुण्यातच नकाशे दाखल करतो. फाइल कशी चालते ते आतून सांगतो.

परवानगीचा अर्ज एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली होतो, निर्णय कलम ४५ खाली. ६० दिवसांत निर्णय कळवला नाही तर मानीव परवानगीची, म्हणजे परवानगी मिळाली असं धरण्याची, तरतूद आहे, म्हणून सगळ्यांची धावपळ असते. सोबत मालकीचे कागद, मोजणी नकाशा, प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा, झोन दाखला आणि गरजेप्रमाणे अग्निशमन, उद्यान, पाणी, ड्रेनेज यांची पत्रं. मग नकाशा तपासला जातो. तपासणी म्हणजे आकड्यांची: एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम), बाजूची आणि मागची मोकळी जागा, जिन्याची रुंदी, पार्किंगची संख्या. आकडे जुळले की नकाशा नियमात बसला. रस्त्याकडे काय तोंड करून उभं आहे, हा प्रश्न कुठल्याही रकान्यात नाही. बांधकाम खात्यातल्या अभियंत्याला तो विचारायचा असला तरी कुठल्या नियमाखाली विचारणार?

तळमजला पार्किंगचाच का होतो, त्यालाही कारण आहे. यूडीसीपीआरमध्ये एफएसआय पी-लाइनने मोजतात, म्हणजे मजल्याच्या बाहेरच्या रेषेच्या आत जे येतं ते सगळं धरतात, बाल्कनीसुद्धा. पार्किंग मात्र त्यातून वगळलेलं. त्यामुळे रस्त्याकडेला एक खोली काढली की ती विकायच्या क्षेत्रातून जाते, गाडी लावली तर काहीच जात नाही. आणि खाली जायचं म्हटलं तर पुण्यात मुरूम संपला की काळा कातळ लागतो. ब्रेकर लावून बेसमेंट खणणं महाग आणि शेजाऱ्यांना त्रासाचं. म्हणून गाड्या जमिनीवर आणि पहिल्या मजल्यावर.

त्यात रस्त्याच्या रुंदीचं कोष्टक. दाट वस्तीच्या बाहेर ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ १.१० एवढाच एफएसआय, त्यावर प्रीमियम (पैसे भरून मिळणारा जादा एफएसआय) नाही की टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क) नाही. ९ मीटर झाला की प्रीमियम ०.५० आणि टीडीआर ०.४० धरून २.०० पर्यंत. १२ मीटरला २.२५, १५ ला २.५०, २४ ला २.७५, ३० आणि पुढे ३.००. त्यावर राहत्या इमारतीला ६० टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी (पूरक) क्षेत्र, प्रीमियम भरून. ३० वर्षं जुन्या सोसायटीच्या पुनर्विकासाला वेगळा प्रोत्साहनपर एफएसआय: सध्याच्या बांधकामाच्या ३० टक्के किंवा प्रत्येक सदनिकेमागे १५ चौरस मीटर, यांतलं जे जास्त असेल ते. २०२० मध्ये ६ मीटरचे रस्ते ९ मीटर करायचा प्रस्ताव शहरभर गाजला त्याच्या मागे हेच गणित होतं. रस्ता ९ मीटरचा झाला की इमारत जवळपास दुप्पट होते. पण त्या रस्त्याखालची ड्रेनेजची नळी तेवढीच राहते.

शेजाऱ्याच्या हक्काबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे. कलम ४७ खाली अपील आहे, पण ते अर्जदाराला, परवानगी नाकारली किंवा अटी घातल्या तर ४० दिवसांत. शेजाऱ्यासाठी तिथे जागा नाही. मोठ्या प्रकल्पांनाही नाही. २०,००० चौरस मीटरच्या पुढच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण २००६ च्या अधिसूचनेत इमारत प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे.

एडिसनकर

मी न्यू जर्सीत राहतो, आई-बाबा एरंडवण्यात, त्यामुळे दोन्हीकडचं बघतो. इथे साइट प्लॅन रिव्ह्यू हा गावाच्या प्लॅनिंग बोर्डाच्या कामाचा ठरलेला भाग आहे. राज्याच्या जमीनवापर कायद्याप्रमाणे जागेपासून २०० फुटांच्या आतल्या सगळ्या मालकांना सुनावणीच्या किमान १० दिवस आधी नोटीस द्यावी लागते. नकाशे गावाच्या कार्यालयात बघायला ठेवलेले असतात. सुनावणीत अर्जदाराचा इंजिनिअर शपथेवर सांगतो की पाणी कुठे वाहून जाणार, गाड्या कुठून वळणार, दिव्यांचा उजेड शेजारच्या अंगणात किती पडणार, कुंपणाजवळ कुठली झाडं लावणार. शेजारी उलट प्रश्न विचारू शकतो आणि त्याची नोंद होते.

इथला प्रकार जसाच्या तसा पुण्याला लावा असं मी म्हणणार नाही. याच सुनावण्यांचा वापर करून लोक परवडणारी घरं आपल्या वस्तीत येऊ देत नाहीत, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण नोटीस देऊन नकाशा दाखवणं एवढा भाग घ्यायला काय हरकत आहे? बाबांना शेजारच्या भूखंडावर काय होणार ते पोकलेन आल्यावर कळलं.

तिसरा मजला

मी विरुद्ध बाजूने लिहितो, राग मानू नका. आमची इमारत चाळीस वर्षांची आहे. स्लॅबचं प्लास्टर पडतं, लिफ्ट नाही, आई गुडघ्यांमुळे वर्षानुवर्षं खाली उतरलेली नाही. सभासदांचं एकमत करण्यात कितीतरी वर्षं गेली. आता मंजुरीआधी शेजाऱ्यांच्या हरकतींची आणखी एक पायरी आली तर काय होईल? हरकत मागे घेण्यासाठी पैसे मागणारे लोक या शहरात आहेत, हे सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या गल्लीला सावली नको म्हणून माझ्या आईने जिना चढायचा का?

चाफा

तिसरा मजला, राग नाही. तुमच्या आईसाठी लिफ्ट लवकर व्हावी हे मलाही मनापासून वाटतं. म्हणूनच मी नकाराचा अधिकार मागत नाहीये. माझी मागणी एवढीच आहे: अर्ज दाखल झाला त्या दिवशी साइट प्लॅनची एक प्रत जागेवर आणि महापालिकेच्या संकेतस्थळावर लावायची, पंधरा दिवस सूचना घ्यायच्या, आणि त्या ६० दिवसांच्या आतच, वेगळी मुदत न वाढवता. सूचना कशाबद्दल, तेही ठरलेलं हवं: गेट आणि रॅम्प, भिंत, झाडं, पावसाचं पाणी, खोदकामाचा आधार, रस्त्याकडची बाजू. मजले किती आणि एफएसआय किती यावर हरकत नाहीच, तो तुमचा कायद्याने मिळालेला हक्क आहे. अभियंत्याने सूचना स्वीकारली की नाही याची एक ओळ फाइलवर लिहायची. त्यामुळे कुणाला पैसे मागायला हातात काही उरणार नाही, कारण मागे घेण्यासारखी हरकतच नसेल.

उन्हाचा कवडसा

सावलीचा उल्लेख आला म्हणून थोडं गणित मांडते, भूगोल शिकवते त्यामुळे राहवत नाही.

पुण्याचा अक्षांश साधारण १८.५ अंश. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. म्हणजे ३६ मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला सुमारे ३२ मीटर पडते, आणि ही दिवसातली सगळ्यात आखूड सावली. आता नियम बघा: उंच इमारतीला बाजूची जागा उंचीच्या एक पंचमांश, म्हणजे ३६ ला ७.२ मीटर. त्यातही कमाल मर्यादा १२ मीटर. म्हणजे ६० मीटरच्या वर कितीही उंच गेलात तरी अंतर तेवढंच. शेजारच्या जुन्या चार मजली इमारतीने ३ मीटर सोडले असतील तर दोन भिंतींमध्ये १० मीटर. हिवाळ्यात उत्तरेकडच्या घरांच्या खालच्या मजल्यांना दुपारचं ऊन मिळणारच नाही.

मी हे इमारती थांबवा म्हणून सांगत नाही. पण तोच एफएसआय भूखंडावर वेगळ्या तऱ्हेने बसवता येतो. उंच भाग कुठल्या कोपऱ्यात घ्यायचा, लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवायची की पूर्व-पश्चिम, यावर शेजारच्या वीस-पंचवीस घरांचं ऊन ठरतं. हे ठरवायचा एकमेव क्षण साइट प्लॅनचा असतो. नंतर काहीच करता येत नाही.

गवंडी

कवडसा, अगदी. आणि खरं सांगतो, बहुतेक वेळा दोन-तीन पर्याय आमच्या संगणकावर असतात. त्यातला कुठला घ्यायचा हे विक्रीच्या फ्लॅटना टेकडी दिसते का, त्यावर ठरतं. सोसायटीने विचारलं तर बाकीचे पर्यायही दाखवता येतात. कुणी विचारत नाही.

पेठकर

कसब्यात राहतो. आमच्याकडे प्रश्न उलटा आहे. शनिवारवाडा केंद्रीय संरक्षित स्मारक. १९५८ च्या कायद्यात २०१० साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम बंद आणि पुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी घेऊनच. वाडे मोडकळीला आलेत, भाडेकरू आणि मालक दोघेही अडकलेत. पहिल्या १०० मीटरमध्ये दुरुस्तीला वाव आहे, पण लाकडी वाड्याची नीट दुरुस्ती करणारे कारागीर कुठे आहेत आणि त्यांचा खर्च कोण करणार?

तरी धाग्याच्या विषयावर सांगतो. पेठेत वाडा पाडून जी इमारत होते तिचा चेहरा रस्त्याच्या कडेला असतो, कारण मोकळं सोडायला जागाच नसते. खाली दुकानं, वर घरं. रात्री अकरालाही गल्लीत माणूस दिसतो. उपनगरातल्या नियमांनी इमारत रस्त्यापासून आत ढकलली, मध्ये भिंत घातली, आणि मग आपण विचारतो की रस्ता सुनसान का. दुकान नको असेल तर निदान सोसायटीचं ऑफिस, वॉचमनची खोली, टपालपेट्या तरी पुढच्या बाजूला घ्या.

मुठाकाठ

सिंहगड रस्त्यावरून. आमच्याकडे साइट प्लॅन म्हणजे आधी पूररेषा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी ते निळी रेषा हे निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल या पट्ट्यात बांधकाम चालतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर वर हवं. २५ जुलै २०२४ ला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा लोकांनी काय काय गमावलं ते सगळ्यांनी पाहिलंय. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याने तर नदीपासून लांबच्या लोकांनाही गाठलं.

माझं म्हणणं असं की एका भूखंडाने जोतं उंच केलं की त्याचं पाणी शेजारच्या जुन्या, खोल भूखंडात जातं. नवी इमारत नियमाप्रमाणे कोरडी, जुनी बुडते. नकाशा तपासताना फक्त त्या भूखंडाची हद्द बघतात. शेजारच्या भूखंडाची पातळी साइट प्लॅनवर दाखवायलाच हवी, ही सूचना चाफाताईंच्या यादीत कृपया घाला. ५०० चौरस मीटरपासून पुढे रेनवॉटर हार्वेस्टिंग लागतं हे ठीक, पण ढगफुटीसारखा पाऊस त्या खड्ड्यात मावत नाही.

बाणेरवासी

पाण्याचाही विचार व्हावा. २०१६ मध्ये बाणेर-बालेवाडीतल्या टंचाईवर उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली आणि नव्या बांधकाम परवानग्यांना काही काळ मनाई झाली होती. न्यायालयात जावं लागतं, याचाच अर्थ परवानगीच्या टप्प्यावर हा प्रश्न कुणी गांभीर्याने विचारला नव्हता.

चाकाची खुर्ची

माझ्यासाठी साइट प्लॅनवरची एकच रेषा महत्त्वाची असते: फुटपाथपासून लिफ्टपर्यंतचा रस्ता. १:१२ चा उतार नियमात आहे, म्हणजे ४५ सेंटिमीटर चढायला ५.४ मीटर लांब रॅम्प. पुष्कळ नव्या इमारतींत तो नकाशात असतो, प्रत्यक्षात त्याच्या तोंडाशी दुचाक्या लागलेल्या असतात, नाहीतर गेटपासून तिथपर्यंत गाड्यांच्या मधून जावं लागतं. माणसांचं गेट आणि गाड्यांचं गेट वेगळं हवं. एवढं एक जरी करारात लिहून घेतलंत तरी माझ्यासारख्या कितीतरी जणांना एकट्याने घराबाहेर पडता येईल.

सहकारनगर ३

आमच्या सोसायटीने करारात अटी घातल्या, त्यामुळे चाफाताईंच्या पहिल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर देतो.

पहिली गोष्ट समजून घ्या. पुनर्विकासात जमिनीची मालक सोसायटी असते (कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, झालं नसेल तर मानीव अभिहस्तांतरणाने ती आधी नावावर करून घ्या). म्हणजे नकाशा तुमच्या नावाने दाखल होतो. बाजारातून फ्लॅट घेणाऱ्याला जे ठरवता येत नाही ते तुम्हाला ठरवता येतं. पण ते निविदेत लिहिलेलं हवं. निवड झाल्यावर मागितलं तर प्रत्येक गोष्टीची किंमत कार्पेटमधून वजा होते, आणि मग सभेत तुमच्याच बाजूचे लोक गप्प बसतात.

आम्ही घातलेल्या अटी आठवतील तशा लिहितो. रस्त्याकडच्या बाजूचा निदान तिसरा हिस्सा पार्किंगचा नको: तिथे सोसायटीचं ऑफिस, ज्येष्ठांची बसायची खोली आणि पाळणाघराला देता येईल अशी एक खोली घेतली. विकसकाने सुरुवातीला नाही म्हटलं, कारण दोन-तीन गाड्यांची जागा जात होती. शेवटी मागच्या बाजूच्या यांत्रिक पार्किंगमध्ये ती भरून काढली. भिंत नियमाप्रमाणे, वरचा भाग गजांचा. रॅम्प पूर्णपणे हद्दीच्या आत, गेटपाशी एक गाडी उभी राहील एवढा सपाट भाग, आणि फुटपाथची पातळी अखंड. माणसांचं गेट वेगळं.

झाडांसाठी खोडाभोवती किती जागा अजिबात खणायची नाही ते साइट प्लॅनवर वर्तुळ काढून दाखवलं. आमच्याकडे पन्नास वर्षांपुढची दोन झाडं होती. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ती हेरिटेज वृक्षांत मोडतात, हे विकसकाच्या माणसाला आम्हीच सांगितलं.

खोदकामाबद्दल सगळ्यात कडक राहा. जून २०१९ मध्ये कोंढव्यात सोसायटीची भिंत शेजारच्या बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली, किमान १५ माणसं गेली, लहान मुलंसुद्धा. भिंतीलगत खणायचं आणि भिंतीलगतच मजुरांना राहायला जागा द्यायची, हे दोन्ही साइट प्लॅनवर दिसतं, बघणारा हवा. आम्ही लिहून घेतलं की हद्दीलगत खोदायच्या आधी आधाराचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीने सोसायटीला द्यायचं, मजुरांच्या खोल्यांची जागा नकाशावर दाखवायची, आणि पाडकामाआधी शेजारच्या दोन्ही इमारतींच्या भिंतींचे फोटो त्यांच्या प्रतिनिधीसमोर काढायचे. पुढे तडे गेले तर वाद होत नाही.

अग्निशमनाची ६ मीटरची वाट बघताना नुसती रुंदी बघू नका. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे ती जमीन ४५ टनांची गाडी पेलेल अशी हवी. त्या वाटेखाली पाण्याची टाकी असेल तर तिचा स्लॅब त्या वजनाचा आहे का, ते लेखी विचारा.

आणि शेजाऱ्यांना कायदा सांगत नसला तरी आम्ही बोलावलं. निविदेसोबतचा कच्चा साइट प्लॅन घेऊन मागच्या सोसायटीच्या समितीला चहाला बोलावलं. त्यांनी एकच गोष्ट सांगितली: जनरेटर आमच्या बेडरूमच्या भिंतीला लावू नका. आम्हाला ते सुचलंच नसतं. जागा बदलली, खर्च काहीच नाही. पुढे ब्रेकरचा आवाज सुरू झाला तेव्हा त्यांनी पोलिसांत जाण्याआधी आम्हाला फोन केला.

तिसरा मजला

हे पटलं. निविदेत लिहिलं तर मंजुरीला उशीर होत नाही. सहकारनगर, पाळणाघराच्या खोलीचा एफएसआय कुणाच्या वाट्याचा गेला?

सहकारनगर ३

सगळ्या सभासदांच्या वाट्याचा थोडाथोडा. आकडा सभेत फळ्यावर मांडला, प्रत्येक घरामागे किती क्षेत्र कमी होतं ते दाखवलं आणि ठराव घेतला. दोन घरांनी विरोध नोंदवला, तोही इतिवृत्तात आहे.

नकाशावाचक

ज्यांच्या शेजारी काम आधीच सुरू झालंय त्यांच्यासाठी. परवानगी मिळाल्यावर जागेवर फलक लावावा लागतो: मालक-विकसक, आर्किटेक्ट, सर्व्हे नंबर, परवानगीचा क्रमांक आणि तारीख, एफएसआय, सदनिकांची संख्या, आणि मंजूर नकाशे कुठे बघायला मिळतील तो पत्ता. शेवटची ओळ बहुतेक ठिकाणी नसते, ती मागा. भूखंड ५०० चौरस मीटरहून मोठा, सदनिका आठपेक्षा जास्त आणि त्यात विक्रीची घरं असतील तर प्रकल्प महारेराच्या (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर असतो, मंजूर नकाशे तिथेही बघता येतात. नाहीतर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज, ३० दिवस. नकाशा हातात आल्यावर भिंत, रॅम्प, बाजूचं अंतर स्वतः टेपने मोजा. तफावत दिसली तर एमआरटीपीच्या कलम ५३ चा (अनधिकृत बांधकामावरची कारवाई) उल्लेख करून फोटो आणि मापांसह लेखी तक्रार द्या, आवक क्रमांक घ्या. आणि हे जोतं तपासणीच्या आसपास करा. स्लॅब पडत गेले की फरक दुरुस्त करायला कुणीच तयार नसतं.

चाफा

सगळ्यांचे आभार. सहकारनगर, तुमच्या अटींवरून मी आमच्या निविदेसाठी मसुदा लिहायला घेतलाय. त्यात मुठाकाठ यांची शेजारच्या भूखंडाच्या पातळीची सूचना आणि माणसांच्या वेगळ्या गेटची अट घातली आहे. गवंडी, साइट प्लॅनचे निदान दोन पर्याय सावलीसह सभेत दाखवावेत, अशी अट आर्किटेक्टच्या नेमणूकपत्रात कशी लिहायची ते सांगाल का? महापालिकेकडे द्यायचं पंधरा दिवसांच्या फलकाचं निवेदन मी वेगळं लिहिते आहे. कोथरूड, कर्वेनगर, एरंडवणे भागातल्या ज्या सोसायट्यांना ठराव करून सही करायची आहे त्यांनी इथेच कळवा.

गवंडी

असं लिहा: "निविदापूर्व अहवालासोबत साइट प्लॅनचे किमान दोन पर्याय, २२ डिसेंबर आणि २१ मार्च रोजी सकाळी ९, दुपारी १२ व ३ वाजताच्या सावल्यांसह, लगतच्या इमारती व भूखंडांच्या पातळ्या दाखवून, सर्वसाधारण सभेत सादर करणे." सॉफ्टवेअरमध्ये हे थोड्या वेळाचं काम आहे, कुणी जास्त फी मागितली तर देऊ नका. ट्रान्सफॉर्मरची जागाही याच टप्प्यावर महावितरणशी बोलून नक्की करा. ती शेवटी ठरली की हमखास गेटशेजारी रस्त्याकडेला येते.

कर्वेनगरी

आमची सोसायटी सही करेल. रविवारी सभा आहे, विषयपत्रिकेत टाकते.